पिवळं कार्ड कुणासाठी?

एके काळी मराठी घरातला मुलगा परदेशी निघाला, की ‘कुठे?’ असं विचारावंच लागत नसे. तो अमेरिकेला नाही तर इंग्लंडला जाणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असे. मग शेजारीपाजारी लोणच्याच्या बरण्या आणि मेतकुटाच्या पुड्या घेऊन हजर होत, मावशी स्वेटर विणायला घेई आणि वडील मफलरीची आठवण करून देत. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र आता स्वेटर पुरत नाही. होसूर रस्त्यालगत कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांच्या ३३२ एकर जमिनीवर १९७८ च्या सुमारास कर्नाटक सरकारच्या ‘किऑनिक्स’नं ही वसाहत उभारायला घेतली. तिचे प्रवर्तक आर. के. बाळिगा यांच्या डोळ्यांपुढे तेव्हा अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली होती. आज या वसाहतीचे धागे त्याहून पुष्कळ दूरवर गेले आहेत. इन्फोसिसच्या ‘फिनॅकल’ या सॉफ्टवेअरवर नायजेरियातल्या कितीतरी बँकांचे व्यवहार चालतात. याच कंपनीनं ब्राझीलमधल्या बेलो होरिझॉन्ते शहरातही आपलं कार्यालय थाटलं. त्यामुळे बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडून इथं आलेल्या मुलामुलींच्या पासपोर्टवर लागोस, नैरोबी, अक्रा या गावांचे शिक्के उमटू लागले.

आणि या गावांना जाताना पासपोर्टबरोबर आणखी एक कागद लागतो. आकारानं छोटा, रंगानं पिवळा.

नीलाद्री रोडवरच्या एखाद्या इमारतीतलं असंच एक घर घ्या. मुलगा इंजिनियर, सून बाळंतपणाच्या रजेवर, मुलगी सात महिन्यांची, आणि नातीला सांभाळायला सांगलीहून आलेली चौसष्ट वर्षांची आजी. गुरुवारी संध्याकाळी मुलगा घरी येतो आणि बूट काढता काढता सांगतो, “पुढच्या बुधवारी अक्राला जायचंय. तीन महिने. एका बँकेचं काम आहे.”

“अक्रा म्हणजे कुठे आलं रे?”

“आफ्रिकेत, आई. घाना देशात.”

शुक्रवारी ऑफिसमधून यादी येते. फोटो, विमा, हॉटेलचं पत्र आणि यलो फीवरचं प्रमाणपत्र. घरात शोध सुरू होतो तो इथून. आजीचं म्हणणं अगदी सरळ असतं, “पिवळा ताप म्हणजे कावीळच की! ती तर तुला सातवीत असताना होऊन गेली. मग आता कसली लस टोचायची?” मुलगा हसतो खरा, पण कावीळ आणि हा ताप यांत फरक काय, हे त्यालाही नीटसं ठाऊक नसतं. सुनेला वाटतं, बाळंतपणानंतर बाळाला दवाखान्यात कावीळीची लस दिली होती, तीच मोठ्यांनी घ्यायची असेल.

हा घोटाळा आपल्याकडे घरोघरी होतो आणि त्यात नवल काहीच नाही. पीतज्वर हे नावच मुळी दिशाभूल करणारं आहे. कावीळ हा रोग नाही, ते लक्षण आहे. यकृताला सूज आली, की डोळे पिवळे होतात. मग ती दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूनं येवो, रक्तातून आलेल्या विषाणूनं येवो, नाहीतर दारूनं येवो. बाळाला जन्मल्यावर देतात ती लस हेपटायटिस बी या रोगाची. पीतज्वराचा विषाणू अगदी निराळा, डेंग्यूच्या विषाणूच्या गोत्रातला, आणि तो पसरवणारा डासही डेंग्यूचाच. सातवीतली कावीळ किंवा बाळपणीची लस यांचा या तापाशी काहीएक संबंध नाही.

डास चावल्यापासून साधारण तीन ते सहा दिवसांत ताप चढतो. डोकं, कंबर, अंग ठणकतं, मळमळतं. बहुतेकांचा ताप तीन-चार दिवसांत उतरतो आणि ते बरे होतात. पण शंभरातल्या पंधरा-एक जणांच्या बाबतीत एखादा दिवस बरा गेल्यावर ताप उलटतो. मग डोळे पिवळे होतात, हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, काळी उलटी होते, मूत्रपिंडं काम थांबवतात. या टप्प्याला पोचलेल्यांपैकी निम्मे रोगी आठ-दहा दिवसांत दगावतात. या विषाणूवर खास असं औषध आजही नाही. सलाईन, विश्रांती आणि लक्ष ठेवणं एवढंच डॉक्टरांच्या हाती उरतं. आहे ती फक्त लस, आणि ती मात्र अतिशय चांगली आहे. एकदा टोचली की जन्मभर पुरते.

मग अडतं कुठे? अडतं ते दहा दिवसांशी.

लस टोचल्यावर शरीराला तयारी करायला वेळ लागतो, म्हणून प्रमाणपत्र टोचल्याच्या दहाव्या दिवसापासून लागू होतं. शुक्रवारी कळलं, बुधवारी विमान, असं असेल तर हिशेब कुणालाही करता येईल. त्यात ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं मान्यता दिलेल्या मोजक्या केंद्रांतच ती टोचतात आणि तिथंच कार्डावर अधिकृत शिक्का बसतो. मुंबईत विमानतळाची आणि बंदराची आरोग्य कार्यालयं हे काम करतात, गोव्यात मुरगाव बंदराचं. बंगळूरलाही केंद्रं आहेत, पण इलेक्ट्रॉनिक सिटीहून शहराच्या पोटात जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच, असं कालपरवापर्यंत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रो इथवर आली आणि थोडा दिलासा मिळाला. (मेट्रोच्या या मार्गिकेचं नावही योगायोगानं ‘पिवळी’च!) तरीही ठरलेल्या वारी, आधी नाव नोंदवूनच जावं लागतं. याचं कारण सरकारी आळस नव्हे. लशीची एक कुपी अनेक जणांना पुरते आणि एकदा विरघळवली की काही तासांतच संपवावी लागते, उरली तर फेकावी लागते. त्यामुळे एका कुपीपुरती माणसं जमल्याशिवाय ती फोडणं परवडत नाही. गृहिणींना हे चटकन पटेल. चार माणसांसाठी कुणी पुरणाचा घाट घालत नाही.

ऑफिसातल्या साहेबांना मात्र हे पटवणं कठीण जातं. कामाची तारीख परदेशातल्या ग्राहकानं ठरवलेली असते, तिकीट काढून झालेलं असतं, आणि ‘दहा दिवस थांबा’ असं सांगणारा कर्मचारी कामचुकार ठरतो. अशा घाईत कुणीतरी हळूच सुचवतं, ‘कार्डाची सोय करून देणारा माणूस आहे.’ म्हणजे लस नाही, फक्त शिक्का. या वाटेला जाणाऱ्यांनी मार्च २०१२ ची एक घटना ध्यानात ठेवावी. दक्षिण आफ्रिकेनं जोहान्सबर्गच्या विमानतळावरून सव्वाशे नायजेरियन प्रवाशांना, त्यांची पिवळी कार्डं संशयास्पद आहेत असं म्हणून, आल्या पावली परत पाठवलं. नायजेरियानंही उलट दक्षिण आफ्रिकेच्या प्रवाशांना परत धाडायला सुरुवात केली आणि दोन देशांचे संबंध एका कार्डावरून ताणले गेले. शेवटी दक्षिण आफ्रिकेला माफी मागावी लागली. तो झाला राजकारणाचा भाग. लस न घेता नुसतं कार्ड बाळगणाऱ्या माणसाला डास मात्र कार्ड बघून सोडत नाही.

पण या सगळ्या धावपळीत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. घानानं प्रमाणपत्र मागावं हे समजतं, पण परत येताना ते आपल्याच देशाचे अधिकारी का तपासतात? घरी येणाऱ्या माणसाला घराच्या दारात अडवायचं कशासाठी? आपला नियम असा आहे, की पीतज्वराच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरेल आणि ज्याच्याजवळ लागू झालेलं प्रमाणपत्र नसेल, त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. नऊ महिन्यांखालच्या बाळांना यातून सूट आहे, बाकी कुणाला नाही. देशी असो वा विदेशी, साहेब असो वा शिपाई. केवळ विमान बदलण्यासाठी तिथं उतरलेला प्रवासीसुद्धा विमानतळाबाहेर पडला असेल, तर या नियमात सापडतो. त्या देशांतून येणाऱ्या विमानांत डास मारण्याचं औषध फवारतात तेही याच भीतीपोटी.

भीती आहे ती अशी. भारतात, किंबहुना सबंध आशिया खंडात, पीतज्वराची साथ आजवर कधीच आलेली नाही. का आली नाही, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण ती यायला लागणारं सामान आपल्याकडे भरपूर आहे. अंगावर पांढरे ठिपके असलेला, दिवसा चावणारा एडिस इजिप्ती डास बंगळूरला नवा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं आणि आपल्या आवारात डासांची पैदास होऊ देणाऱ्यांना दंडाची तरतूद केली. इलेक्ट्रॉनिक सिटीत काचेच्या इमारतींच्या शेजारीच नव्या इमारतींची बांधकामं, टँकरचं पाणी साठवलेली पिंपं, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनी प्लँटच्या बाटल्या आहेत. डासाला राहायला याहून सोयीची वसाहत कुठली! डास आहेत, आणि ज्यांच्या अंगात या रोगाविरुद्ध काहीच शक्ती नाही अशी कोट्यवधी माणसं आहेत. नाही तो फक्त विषाणू. तो कुणाच्या तरी रक्तातून विमानात बसून आला, तर पुढचं काम हे घरचे डासच करतील.

ही केवळ कागदावरची भीती आहे असं २०१६ पर्यंत म्हणता आलं असतं. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोला देशाच्या राजधानीत, लुआंडात, पीतज्वराची साथ सुरू झाली आणि शेजारच्या काँगोत पसरली. ती आटोक्यात आणायला तीन कोटींच्या आसपास लोकांना लस टोचावी लागली. लस इतकी अपुरी पडली, की ऑगस्ट २०१६ मध्ये किन्शासा शहरात एका माणसाचा डोस पाच जणांत वाटून दिला. अंगोलात तेव्हा बांधकामावर, रस्त्यांवर हजारो चिनी कामगार होते. त्यांतले अकरा जण हा विषाणू अंगात घेऊन मायदेशी पोचले. आशियात पीतज्वराचे रोगी येऊन पोचल्याची ही पहिलीच नोंद. ती माणसं चोर नव्हती, लबाड नव्हती. कंपनीनं पाठवलं तिथं पोटासाठी गेली आणि घरच्या ओढीनं परतली, इतकंच. सुदैवानं तिथल्या डासांनी तो ताप पुढे नेला नाही.

आपल्याकडे असा धसका त्याच्याही साठ वर्षं आधी बसून गेला आहे आणि तोही कर्नाटकातच. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाभोवती माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ सरपणाला, गुरांमागे रानात जाणारी माणसं तापानं फणफणली. आधी माकडं मरतात, मग माणसं आजारी पडतात, हे दक्षिण अमेरिकेतल्या जंगली पीतज्वराचं ठळक चिन्ह. अखेर तो भारतात आला की काय, या शंकेनं पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे शास्त्रज्ञ तिकडे धावले. हे केंद्र १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं सुरू झालं होतं, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. तपासात निघालं ते वेगळंच. विषाणू पीतज्वराच्या गोत्रातला, पण पीतज्वर नव्हे. डासामार्फत नव्हे तर गोचिडीमार्फत पसरणारा. जगाला तोवर अज्ञात असलेल्या त्या तापाला क्यासनूरचंच नाव मिळालं. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागांतल्या लोकांना तो चांगलाच परिचयाचा झाला आहे. शंका खोटी ठरली म्हणून पुण्यात कुणी पेढे वाटले नसतील, कारण हातात आला तोही काही साधा ताप नव्हता.

लशीच्या गोष्टीतही एक भारतीय पात्र आहे, पण ते माणूस नव्हे. १९२७ साली पश्चिम आफ्रिकेत हा रोग शोधणाऱ्या डॉक्टरांची मोठी अडचण होती. प्रयोगासाठी कुठल्याच प्राण्याला हा ताप येत नव्हता. तो आला भारतातून आणलेल्या ऱ्हीसस जातीच्या माकडाला, म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या देवळांतून हिंडणाऱ्या लाल तोंडाच्या माकडाला. त्याला दिलेलं रक्त होतं असिबी नावाच्या एका आफ्रिकन तरुणाचं. तो राहत होता गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानातच. असिबी बरा झाला, पण त्या प्रयोगात गुंतलेले एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी याच तापानं गेले. पुढच्या वर्षी अक्रात काम करणारे प्रसिद्ध जपानी शास्त्रज्ञ हिदेयो नोगुची आणि त्यांच्या पाठोपाठ डॉ. यंग हेही गेले. असिबीच्या रक्तातला तोच विषाणू मॅक्स थायलर यांनी उंदराच्या आणि कोंबडीच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून निवळत नेला आणि १९३७ साली ‘सतरा डी’ ही लस तयार झाली. थायलर यांना १९५१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. आज जगात कुठेही पीतज्वराची लस टोचली, तरी तिचं मूळ त्या एका माणसाच्या रक्तात आहे.

म्हणजे ही जिवंत लस आहे, विषाणूला अशक्त करून बनवलेली. म्हणूनच ती सरसकट सगळ्यांना देत नाहीत, आणि नीलाद्री रोडवरच्या त्या घरातला खरा पेच इथं आहे. मुलाच्या मनात असतं, की पहिले पंधरा दिवस गेले की घर घ्यायचं आणि बायको-मुलीलाही बोलावून घ्यायचं. जमलं तर आईलाही, तिनं विमान कुठे पाहिलंय! पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस मुळीच देत नाहीत आणि नऊ महिने पुरे होईतो, साथ असल्याखेरीज, देत नाहीत. अंगावर पाजणारी आई असेल आणि बाळ नऊ महिन्यांच्या आतलं असेल, तर तिलाही शक्यतो टाळायला सांगतात. ब्राझीलमध्ये २००९ साली लस घेतलेल्या आईच्या दुधातून तिच्या तान्ह्या बाळाला त्रास झाल्याची नोंद आहे. साठी उलटलेल्यांत पहिल्यांदाच ही लस घेतली, तर क्वचित पण गंभीर उपद्रव होऊ शकतो. म्हणून डॉक्टर जाण्याची निकड आणि लशीचा धोका तोलून मगच ठरवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, कॅन्सरचे उपचार चालू असणारे, प्रतिकारशक्ती खालावलेले यांनीही ती घ्यायची नसते. गर्भवतीनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊलच टाकू नये. लस चालत नसल्याचं पत्र डॉक्टर देतात आणि अधिकारी त्याचा विचार करतात. पण पत्रानं डास अडत नाही, आणि परतल्यावर वेगळं ठेवलं जाण्याची शक्यताही संपत नाही.

केंद्रावरचे डॉक्टर हे सगळं समजावतात तेव्हा सुनेचा चेहरा उतरतो. तीन महिने एकटीनं बाळाला सांभाळायचं, तेही नव्या शहरात. सासूबाई मात्र ठामपणे म्हणतात, “अगं, मी आहे ना! त्याला एकट्याला जाऊ दे. आपण दोघी इथं राहू. बाळ मोठं झालं, की मग बघू.” मुलगा शनिवारी नाव नोंदवतो, पुढच्या आठवड्यात टोचून घेतो, अर्धा तास केंद्रातच बसतो, दुसऱ्या दिवशी अंग थोडं कसकसतं तेवढंच. ऑफिसला तो पत्र लिहितो, की निघणं पंधरा दिवस लांबेल. साहेब कुरकुरतात, पण तिकीट बदलून देतात. आणि हे व्हायलाच हवं. कंपन्यांनी आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतलं काम स्वीकारतानाच जाणाऱ्यांना टोचून ठेवलं, तर हा शेवटच्या घटकेचा गोंधळ होणारच नाही.

आजीच्या आता ध्यानात आलं आहे, की ती आणि नात दोघीही ही लस घेऊ शकत नाहीत, आणि त्या दोघींचं या रोगापासून रक्षण होणार ते मुलाच्या दंडावर टोचलेल्या अर्ध्या मिलिलीटरनं. तो परत येईल तेव्हा त्याच्या बॅगेत चॉकलेटं असतील, ताप नसेल. परतल्यावर आठवड्याभरात ताप आलाच, तर तो मलेरियाचाही असू शकतो, म्हणून कुठल्या देशातून आलो हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं आणि ताप उतरेतो दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपायचं, हेही डॉक्टरांनी बजावलं आहे. मलेरियाच्या गोळ्यांचं निराळं विचारून घ्यावं, ही लस त्यावर चालत नाही.

कार्ड हातात पडल्यावर दोन मिनिटं उभं राहून ते वाचावं. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळतं का, जन्मतारीख, लशीचा बॅच क्रमांक, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का आहे का, हे तिथंच बघावं. विमानतळावर चूक सापडली तर दुरुस्त करणारं कुणी नसतं. पूर्वी या कार्डाची मुदत दहा वर्षं असे. ११ जुलै २०१६ पासून ती आयुष्यभराची झाली आणि जुन्या कार्डावर दहा वर्षांची तारीख लिहिलेली असली तरी तेच चालतं, पुन्हा टोचून घ्यावं लागत नाही. कोकणात, गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या घरात हे सगळं न सांगता माहीत असतं. तिथं पासपोर्ट, सीडीसी आणि पिवळं कार्ड ही तीन कागदपत्रं एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली असतात. मुलगा अंधारातही हात घालून ती काढतो.